मालिका संपायची वाट कशाला पाहायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गुन्हेगारी कॉमिक्सवर आलेला लेख आवडला. मराठी दैनिकाने या विषयाला अर्धं पान दिलं याचा मनापासून आनंद झाला. पण मालिका पुरी होऊ द्या, सगळे खंड एकदम आणा आणि एका बैठकीत संपवा, हा लेखकाचा सल्ला काही पटला नाही. उदाहरण त्यांनी '१०० बुलेट्स' या अमेरिकन कॉमिक्स मालिकेचं दिलं, म्हणून हे पत्र.

लेखक ब्रायन अझरेलो आणि अर्जेंटिनाचा चित्रकार एदुआर्दो रिसो यांची ही मालिका १९९९ साली सुरू झाली, तेव्हा मी शिकागोजवळ राहत होते. यजमानांच्या नोकरीसाठी गेलो होतो. मला तिथे काम करायची परवानगी नव्हती. नवी कॉमिक्स तिकडे बुधवारी येतात. दुकानदार माझा अंक बाजूला काढून ठेवायचा.

मालिकेत ग्रेव्हज नावाचा वयस्क एजंट एखाद्या पिचलेल्या माणसाला गाठतो आणि हातात ब्रीफकेस ठेवतो. आत पिस्तूल, शंभर गोळ्या आणि तुमचं आयुष्य कोणी उद्ध्वस्त केलं याचा पुरावा. या गोळ्या सापडल्या की पोलीस तपास थांबवतात. पुढचं तुमचं तुम्ही ठरवायचं.

पहिली कथा शिकागोचीच. डिझी कॉर्डोव्हा तुरुंगातून सुटून आपल्या वस्तीत परतते. नवरा आणि तान्हा मुलगा गोळीबारात गेलेले. ब्रीफकेसमधला पुरावा सांगतो, मारेकरी पोलीसच आहेत. ही कथा तीन अंकांची, आणि एका अंकानंतर दुसरा यायला महिना. तेवढा काळ मी तिचा न्याय करत बसले होते. लाँड्रीत कपडे सुकेपर्यंत बाकावर बसल्या बसल्या वाटायचं, घालावी तिने गोळी. चार दिवसांनी वाटायचं, नको. ही पोरगी पुन्हा तुरुंगात जायला नको. मग आठवायचं, तुरुंगाची भीतीच नाही इथे, तेच तर या गोळ्यांचं विष आहे. सलग वाचणाऱ्याला पान उलटलं की निकाल कळतो. त्याला हे भांडण स्वतःशी करावंच लागत नाही.

अकराव्या अंकात लिली रोच नावाची वेट्रेस येते. मुलगी घर सोडून गेलेली, आणि ती का गेली हे आईला त्या ब्रीफकेसमधून कळतं. कारण तिच्या स्वतःच्या घरातच असतं. एका अंकात ही गोष्ट आटोपते, पण नंतर लगेच दुसरी गोष्ट हातात घ्यावी असं मला वाटलं नाही. घ्यायला नव्हतीच, हे बरं झालं.

हातात दुसरं काही नसलं की तोच अंक पुन्हा वाचला जातो, आणि तेव्हा रिसो दिसतो. पुढे दोघं बोलत असतात, मागे फूटपाथवर किंवा समोरच्या खिडकीत तिसऱ्याच कोणाचं तरी आयुष्य चाललेलं असतं. घाईत नजर तिथे पोहोचत नाही.

पुढे तेरा घराण्यांचं कारस्थान सुरू होतं तिथे मात्र नावांचा गुंता होतो. तो भाग सलग वाचणं सोयीचं, हे मान्य. मला स्वतःला त्या घराण्यांपेक्षा डिझी आणि लिली जवळच्या. मधेच आम्ही डोंबिवलीला परतलो, तरी भाची सुट्टीवर येताना अंक आणत राहिली. २००९ साली शंभरावा अंक आला.

दोन विनंत्या आहेत. अशा लेखांत शेवट सांगू नये. डिझीने काय केलं ते आपल्या लेखात सरळ छापलं गेलं. आणि पुरवणीत दर रविवारी एक पान मराठी गुन्हेकथेला चित्रांतून द्यावं, क्रमशः, मोठ्यांसाठी. जे. जे.मधून दरवर्षी चित्रकार बाहेर पडतात, त्यांना विचारून पाहावं. कथा कुर्ल्याची असो की सोलापूरची, आठवडाभर थांबायची माझी तयारी आहे.

आपली एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)