टाचेतला काटा

गोटिंगेन, 8 फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जवसाची चटणी अजून अर्धी बरणी शिल्लक आहे, पुरवून खाते.

आई, व्हिडिओवर खिडकी उघडी पाहून तू रागावलीस, म्हणून नीट सांगते. इथे भर हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, आणि मग गच्च बंद करायच्या. नुसती फट ठेवून चालत नाही. माझ्या भाड्याच्या करारातसुद्धा ते लिहिलंय! घरं इतकी बंदिस्त की श्वासाची, स्वयंपाकाची वाफ भिंतीला धरते आणि बुरशी चढते. तेवढा वेळ मी कोट घालूनच उभी असते. सर्दी झालेली नाही, खरंच.

आणि काकूंना सांग, मी कुठल्या रोगाचे जंतू हाताळत नाही. चेतापेशीच्या लांब धाग्यात न्यूरोफिलामेंट नावाचे तंतू असतात, मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढे जाड. बाबा अंबाडीचा कासरा वळतात, त्यातल्या वाखासारखे. त्यांच्यामुळे धाग्याला जाडी येते, आणि जाड धाग्यातून निरोप लवकर पोचतो. ते दिसावेत म्हणून प्रतिपिंड लागतं, म्हणजे नेमक्या त्याच प्रथिनाला चिकटणारा पदार्थ. आमचं कोंबडीचं आहे. तिला या तंतूंचं प्रथिन टोचतात, मग अंड्याच्या बलकात प्रतिपिंड उतरतं. कोंबडी कापावी लागत नाही, हे आजीला आवर्जून सांग. ते हजारपट पातळ करून रात्रभर 4 अंशांवर पेशींवर ठेवायचं, सकाळी धुवायचं, मग त्याला चिकटणारं चमकतं दुसरं प्रतिपिंड घालायचं. परवा अंधाऱ्या खोलीत हिरवे धागे लखलखले. पहिलं प्रतिपिंड न घातलेली काच मात्र काळीच राहिली, म्हणजे चमक खरोखर त्या तंतूंचीच होती, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

बाबा, ते धागे बघताना मला तुमची टाच दिसते. पोळ्याला ओसरीवर रक्ताचे ठिपके पडले होते. बाभळीचा काटा आत मोडलेला, आणि तुम्हाला पत्ताच नाही. तळपायाची जाणीव नेणाऱ्या पेशीचं घर कमरेत मणक्यालगत, आणि तिचा धागा तिथून बोटापर्यंत, जवळजवळ मीटरभर. साखर वाढली की हेच सगळ्यात लांब धागे आधी दुखावतात. धागा तुटला की हे प्रथिन रक्तात उतरतं, ते मोजायलाही प्रतिपिंडच लागतं. पण कुठली नस दुखावली हे त्यावरून कळत नाही, आणि माझ्या काचेवर तुमचं औषधही नाही. म्हणून सेवाग्रामला दवाखान्यात जाऊन या, पुढच्या आठवड्यातच. वावरात अनवाणी जाऊ नका. आई, रोज रात्री बॅटरी लावून त्यांचे तळवे बघ. ते नको म्हणतील, तरी बघ.

40 हजार पाठवलेत. सोसायटीचं कर्ज 31 मार्चच्या आत भरा, कापूस घाईत विकू नका. मला इथे कमी पडत नाही.

सोनीच्या साक्षगंधाला मला येता येणार नाही. सुटी शिल्लक नाही, आणि तिकिटाचे पैसे तिच्या साडीला लागतील. थोरली बिनलग्नाची असताना धाकटीचं कसं, असं कुणी म्हणालं तर माझी परवानगी आहे म्हणून सांगा. तिला थांबवू नका. ओटी भरताना मला व्हिडिओ लावून द्या, इथे पहाट असली तरी मी उठेन.

बाबा, चप्पल नवी घ्या, मऊ तळाची. पैसे त्यातच धरलेत.

तुमची,
मोठी