काकांच्या बैठकीतून माजघरापर्यंत

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काकांकडचं नेट आपल्या कॉम्प्युटरला कसं जोडायचं, हे फोनवर सांगितलं तर निम्मं विसरायला होतं. म्हणून लिहूनच पाठवते. कागद कॉम्प्युटरशेजारीच ठेवा.

बाबा, आधी एक, वाय-फायच्या नादी लागू नका. आपल्या भिंती दोन-अडीच फुटी, दगडमातीच्या, वर माळवद. बैठकीतल्या राउटरचा सिग्नल अंगण ओलांडून माजघरात येईस्तोवर त्यात जीव राहत नाही. दुकानदार यूएसबीचा डोंगल पुढं करील आणि 'लिनक्सला चालतो' म्हणेल. (आपल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी आहे ते मिंट म्हणजे लिनक्सच.) अशा बऱ्याच डोंगलांत रिअलटेकची चिप असते. तिच्या काही प्रकारांचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) वेगळा बसवावा लागतो आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झालं की तो पुन्हा बंद पडू शकतो. तारेला ही कटकट नाही. मागच्या चौकोनी भोकात 'टक्' आवाज येईपर्यंत पिन सारली की मिंट बहुतेक वेळा काही न विचारता जोडून घेतं.

तार मात्र नीट बघून घ्या. सेलूत मिळाली नाही तर परभणीहून आणा, पण 'कॅट सिक्स, पूर्ण तांब्याची' असंच मागा. स्वस्तातली असते ती तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. टोक ब्लेडनं खरवडलं की आत पांढरं दिसतं. ती वाकवताना तुटते आणि लांब ओढली की वेग पडतो. लांबी सुतळीनं मोजा, भिंतीच्या कडेनं आणि चौकटीवरून, आणि वर दोन मीटर जास्त धरा. १०० मीटरपर्यंत तार चालते, त्यामुळं अंतराची काळजी नको. अंगणातला तुकडा पीव्हीसी पाइपातून न्या. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन साधं आवरण तडकवतं, आणि उंदरांचं तर तुम्हाला माहीतच आहे. लाइटच्या वायरीच्या पाइपात मात्र ही तार घालू नका.

पिन जागेवर बसवून घेणार असाल तर दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी किंवा तपकिरी जोडी नीट दाबली गेली नाही तरी नेट लागतं, पण वेग १००० ऐवजी १०० वर अडकतो. 'नेटवर्क'च्या सेटिंगमध्ये तारेच्या जोडणीसमोर हा आकडा दिसतो. आपला कॉम्प्युटर जुना आहे, त्याचं पोर्टच १०० चं असेल तर पिनवाल्याला दोष देऊ नका.

काकांच्या राउटरला मागं एक भोक बहुधा वेगळ्या रंगाचं असतं, त्यावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेलं असतं. ते बाहेरून येणाऱ्या नेटचं. आपली तार 'लॅन' लिहिलेल्यात. चुकून 'वॅन'मध्ये गेली तर मिंटचं चिन्ह नुसतं गोल फिरत राहतं आणि शेवटी जोडणी तुटल्याचं सांगतं. पत्ता (आयपी) हातानं भरू नका, 'ऑटोमॅटिक' राहू द्या. उगाच भरलेला पत्ता काकांच्या टीव्हीला मिळालेला असला तर दोघांचंही नेट अडखळतं.

नेट चालेना, तर काकांना हाक मारण्याआधी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. 'पिंग' इंग्रजी छोट्या अक्षरांत, मग एक जागा सोडून राउटरचा पत्ता लिहा आणि एंटर दाबा. तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो, नसेल तर 'नेटवर्क'च्या सेटिंगमधल्या दातेरी चाकाच्या चिन्हात 'डिफॉल्ट रूट'समोर सापडेल. आकडेही इंग्रजीच टाका. उत्तर आलं नाही तर दोष तारेत, पिनांत किंवा राउटरमध्ये. आलं, तर ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा पत्ता) पिंग करा. तिथं अडलं तर बिघाड बहुतेक काकांच्या पुढं, बाहेरच्या लाइनीत. राउटरजवळच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा असेल तर फायबर तुटलंय किंवा फार वाकलंय, लिनक्सला बोल लावू नका, केबलवाल्याला बोलवा. आकड्याला उत्तर येतं पण साइटच्या नावाला येत नाही, तर नाव शोधणारा भाग (डीएनएस) बिघडलाय. त्याच दातेरी चाकाच्या चिन्हात 'आयपीव्ही४' मध्ये डीएनएसचं 'ऑटोमॅटिक' बंद करून १.१.१.१ भरा. आणि हो, विंडोजसारखं इथलं पिंग चारदा बोलून गप्प बसत नाही. कंट्रोल आणि सी दाबून थांबवावं लागतं.

सातबाऱ्याची साइट 'सुरक्षित नाही' म्हणाली तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डचा सेल संपला असला की लाइट गेल्यावर तारीख मागं जाते आणि ब्राउझर सगळ्याच साइटींवर संशय घेतो. नेट लागल्यावर मिंट वेळ जुळवून घेतं, पण सेल बदललेला बरा. सीआर२०३२ मागा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

आपला कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे, काकांचा राउटर नाही. लाइट गेली की नेट जाणारच. राउटर आणि फायबरचा डबा दोन्हींच्या ॲडाप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. ते बघून मिनी यूपीएस घेता येईल, खर्च निम्मा निम्मा करा. तोवर अडलं तर मोबाइल यूएसबी वायरनं जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, मिंट त्यालाही तारेसारखंच ओळखतं.

नेट दोन घरांचं आहे, म्हणून मिंटमधली 'फायरवॉल' (बाहेरून नको ते आत येऊ न देणारी) चालू करा. ती आधीपासून बंद असते. अपडेट सकाळी करा, संध्याकाळी काकूंच्या मालिका अडकायला नकोत.

आई, तुझ्याकडं एकच काम. अवकाळीचं आभाळ गडगडायला लागलं की तारेची दोन्ही टोकं काढायला लाव. जवळ वीज पडली तर अंगणातल्या तांब्याच्या तारेतून राउटर आणि कॉम्प्युटरचं पोर्ट, दोन्ही जळू शकतात.

सुतळीचं माप कळवा, मग किती मीटर घ्यायची ते सांगते.

तुमची लेक