आण्णा, फुटरेस्टचा बोल्ट पाठवतेय

डर्बी, इंग्लंड
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

ती. आण्णा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार. आज्जीच्या पायावर डोकं.

पाकिटात कागदात गुंडाळलेला एक छोटा बोल्ट आहे. आण्णा, तो आधी बाहेर काढा, खिडकीपाशी उजेडात धरा आणि मगच पुढं वाचा. मोटारसायकलच्या फुटरेस्टखाली तो लोंबत असतो. गाडी वळणात फार वाकली की सगळ्यात आधी त्यानं जमिनीला टेकायचं आणि बसणाऱ्याला सांगायचं, आता पुरे, एवढंच त्याचं काम. हा उजव्या बाजूचा आहे. याचं डोकं गोल होतं, आता तिरकं तासून सपाट झालंय. डाव्या बाजूचा जवळजवळ नवाच आहे. असं का, ते पुढं येईलच.

फोनवर सांगितलं असतं, पण आईनं अर्ध्यात फोन ठेवला असता. म्हणून पत्र. आई, मी धडधाकट आहे, कुठं खरचटलंसुद्धा नाही. आता शांतपणे ऐक.

गेल्या सोमवारी रजा काढून मी माझी रोजची गाडी रेसच्या ट्रॅकवर नेली. तीच जुनी सुझुकी एसव्ही 650, जिच्यावरून मी कामाला जाते आणि शनिवारी मागं पिशवी बांधून भाजी आणते. शर्यत नव्हती. नंबर नाही, बक्षीस नाही, वेळसुद्धा कुणी मोजत नाही. इथं याला ट्रॅक डे म्हणतात. ट्रॅक दिवसभर भाड्यानं घेतलेला असतो, आपण पैसे भरायचे, लायसन्स दाखवायचं आणि आपलीच गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर फिरायचं. समोरून कुणी येत नाही, कुत्रं आडवं येत नाही, उसाची ट्रॉली नाही, वळणावर वाळू नाही.

ट्रॅकचं नाव डॉनिंग्टन पार्क, माझ्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. 1931 पासून तिथं मोटारसायकली पळतायत. दुसऱ्या महायुद्धात सैन्यानं तो गाड्या ठेवायला घेतला आणि शर्यती बंद पडल्या. पुढं टॉम व्हीटक्रॉफ्ट नावाच्या माणसानं जागा विकत घेतली आणि 1977 मध्ये पुन्हा सुरू केला. 1987 पासून 2009 पर्यंत मोटारसायकलची ब्रिटिश ग्रां प्री इथंच व्हायची. शेजारीच विमानतळ आहे, उतरणारी विमानं अगदी डोक्यावरून जातात.

रविवारी संध्याकाळी गाडी तयार करताना तुमची फार आठवण झाली. आरसे उतरवले. हेडलाइट, टेललाइट आणि इंडिकेटरवर चिकटपट्टी लावली, म्हणजे गाडी पडली तर काचा ट्रॅकवर पसरत नाहीत. चेनचा ढिलेपणा बघितला, ब्रेक पॅड काढून जाडी पाहिली, ब्रेक ऑइल बदललं. जुन्या ऑइलमध्ये पाणी शोषलेलं असतं. सारखं जोरात ब्रेक मारून ते तापलं की उकळतं आणि लिव्हर मऊ पडतो. हे तुम्हीच कोल्हापूरला उद्यमनगरात गाडी उघडून बसलेल्या कुणाला तरी सांगत होता, मी तेव्हा शाळेत होते. हवा मात्र सकाळी ट्रॅकवर कमी केली. रस्त्यावर पुढं 33 आणि मागं 36 असते, ती दोन्हीकडं 30 वर आणली. टायर तापला की आतली हवा तापते आणि प्रेशर आपोआप चढतं, त्याची जागा आधीच ठेवायची.

सकाळी पहिली तपासणी आवाजाची. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर तिरका माइक धरतात आणि ठरावीक आरपीएमवर इंजिन धरायला सांगतात. ठरलेल्या मर्यादेच्या वर आवाज गेला तर ट्रॅकवर सोडत नाहीत, मग पैसे भरलेले असोत की नसोत. माझ्यापुढं उभ्या असलेल्या एकाला त्यांनी परत पाठवलं. त्याचा चेहरा बघून वाईट वाटलं, पण आसपास गावं आहेत, माणसं राहतात, नियम बरोबरच आहे.

मग सगळ्यांना एका खोलीत बसवून झेंडे शिकवले. पिवळा म्हणजे पुढं धोका, कुणाला ओलांडायचं नाही. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. लाल म्हणजे सगळ्यांनी सावकाश आत यायचं. काळा तुमच्याकडं दाखवला तर तुम्ही एकट्यानं आत यायचं. आमचा गट नवशिक्यांचा. तासातली वीस मिनिटं आमची, उरलेली दुसऱ्या दोन गटांची. एक कागदही सही करून दिला, की जे होईल त्याची जबाबदारी माझी. गाडीचा नेहमीचा विमा ट्रॅकवर चालत नाही हेही स्पष्ट सांगितलं. आई, हे लपवत नाही. धोका आहे. पण तो कुठं आहे आणि किती आहे, हे तिथं आधी तोंडावर सांगतात.

पहिल्या वीस मिनिटांत माझं काहीच धड झालं नाही. सुरुवातीचे फेरे ट्रॅकवर शिकवणाऱ्या वस्तादाच्या मागं रांगेनं, ओलांडायचं नाही. ते फेरे संपल्यावर मोकळं सोडलं तर माझे हात हँडलला असे घट्ट धरलेले की मनगटं दुखायला लागली. लिटरभर इंजिनच्या गाड्या शेजारून फर्रकन जायच्या. प्रत्येक वेळी वाटायचं, मागं बघावं, आणि आरसा तर घरी. शेवटी समजलं की मागच्याची काळजी मागच्यानं करायची असते. ओलांडणाऱ्यानंच जागा बघून जायचं, पुढच्यानं आपली रेघ सोडायची नाही. असं आपल्याकडं दसरा चौकात झालं असतं तर!

दुसऱ्या खेपेला वस्ताद माझ्या मागून आला, मग पुढं जाऊन मला मागं यायला सांगितलं. साठीचा माणूस, बोलतो कमी. नंतर चहाच्या टपरीपाशी एवढंच म्हणाला, तू चाकापुढचा रस्ता बघतेस. जिथं जायचंय तिथं बघ. त्यावर विश्वास ठेवायला मला अख्खं सत्र लागलं. वळणात शिरताना मान फिरवून वळणाच्या शेवटाकडं बघायचं, गाडी तिकडंच जाते. खड्ड्याकडं बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते, हे आपल्याला ठाऊक असतंच की, फक्त त्याची दुसरी बाजू मी कधी वापरली नव्हती.

आण्णा, आता खास तुमच्यासाठी. गाडी उजवीकडं वळवायची तर उजवं हँडल पुढं ढकलायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण जोर असताना मोटारसायकल अशीच वाकते. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या वळणांवर तुम्ही हेच करत होता, मी मागं बसून तुमच्या कोपराची हालचाल बघायचे. तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं आणि तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. डॉनिंग्टनला ते समजून, मुद्दाम केलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की गाडी मला नेत नाही, मी गाडीला नेतेय.

आणि टायरची पकड. आज्जीला समजेल असं सांगते. टायरची पकड म्हणजे एक भाकरी. ब्रेकला जास्त दिली तर वळणाला कमी उरते. सगळी ब्रेकनं खाल्ली की वळण उपाशी, आणि गाडी खाली. म्हणून मोठा ब्रेक सरळ रस्त्यावर आटपायचा, मग जसजसं वाकत जाऊ तसतसा ब्रेकवरचा हात हलका करायचा. जमिनीला टेकलेला टायरचा तुकडा तळहाताएवढा असतो आणि तेवढ्यावर सगळं चालतं. गाडी 45 अंशांत वाकली म्हणजे आडवा रेटा तुमच्या वजनाएवढा होतो. रोजच्या रस्त्यावरचा साधा टायर एवढं सोसेल हे मला माहीतच नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होते की माझ्या गाडीची हद्द आली. हद्द माझी होती, गाडी अजून फार लांब होती.

ट्रॅकची एक फेरी 3.15 किलोमीटरची. सुरुवातीलाच रेडगेटचं उजवं वळण, आणि मग क्रेनर कर्व्ह्ज. तिथं जमीन एकदम खाली जाते. ज्योतिबाच्या डोंगरावरून उतरताना पोटात जो गोळा येतो तो, पण डावीकडं वाकलेल्या अवस्थेत, आणि खाली पोचायच्या आत गाडी उजवीकडं टाकायची, कारण पुढं ओल्ड हेअरपिन वाट बघत असतो. सकाळी मी तिथं अॅक्सिलरेटर सोडून द्यायचे. वस्ताद म्हणाला, उतारावर एकदम सोडलंस तर सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि गाडी डळमळते, थोडा धरून ठेव. दुपारी एकदा धरून ठेवला. गाडी रुळावर असल्यासारखी खाली गेली. मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं ओरडले, मराठीत. तो एक फेरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्याच्या पुढच्याच फेरीला ओल्ड हेअरपिनला उजवीकडं खाली खर्रर्र आवाज आला. मला वाटलं काहीतरी तुटलं. तो हा बोल्ट. ट्रॅक घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, मोठी वळणं बहुतेक उजवी, म्हणून उजवा झिजला आणि डावा तसाच राहिला.

दुपारच्या जेवणानंतर एक जण पडला. मी त्याच्या मागंच होते. ब्रेक उशिरा लागला, पुढचं चाक निसटलं, गाडी आणि माणूस दोघंही घसरत खडीत. लाल झेंडे आले, सगळे आत. माणूस स्वतः उठून उभा राहिला. अंगात चामड्याचा एकसंध सूट, पाठीला संरक्षक पाटी, आणि घसरायला मोकळी जागा. भिंत नाही, खांब नाही, समोरून ट्रक नाही. मी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवतात तिथं, बसले आणि पुढची दहा मिनिटं मला आपल्या गल्लीतल्या त्या पोराशिवाय काही सुचलं नाही. तोही पुढचं चाक निसटूनच पडला होता, वाघबीळला, रात्री अकराला. त्याला घसरायला जागा नव्हती.

म्हणून हे पुढचं धाकट्यासाठी, त्याला मोठ्यानं वाचून दाखवा.

अरे, तू रात्री पन्हाळा रोडला जातोस ते मला माहीत आहे. तुझे मित्र व्हिडिओ टाकतात, मी बघते. तुला रागवायचा मला अधिकार नाही, तुझ्या वयात मीही आण्णांची गाडी न विचारता रंकाळ्याला नेली होती. पण तू जे शोधतोयस ते त्या रस्त्यावर नाही. तिथं तुझं अर्धं डोकं समोरच्या लाइटमध्ये आणि रस्त्यावरच्या चिखलात अडकलेलं असतं, उरलेल्या अर्ध्यात तू गाडी चालवतोस. मी सोमवारी पूर्ण डोक्यानं चालवली, आणि तेव्हा कळलं की मला किती कमी येतं. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागचं मैदान उभं केलं. आजोबा तुला खांद्यावर बसवून तिथं कुस्त्या दाखवायचे. तिथं माती असते, वस्ताद असतो, पंच असतो, म्हणून पैलवान जीव ओतून लढतो. तेच डाव कुणी भवानी मंडपासमोर डांबरावर टाकले तर आजोबा त्याला काय म्हणाले असते?

कोल्हापुरात मोहितेंचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथं झाल्यात. आधी तिथं जा. चार चाकं असली तरी ब्रेक कुठं मारायचा, वळणात बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर कसं जायचं, हे तिथं शिकता येतं. मोटारसायकलसाठी चेन्नईजवळचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरला कारी नावाचा आहे. लांब आहेत, पैसे लागतात. पहिल्या वेळचे पैसे मी देईन, सूटचेही. आण्णा, मी हे तुम्हाला न विचारता लिहितेय, पण तुम्ही नाही म्हणणार नाही असं वाटतं.

आई, तुला एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी आरसे लावले, चिकटपट्ट्या काढल्या, हवा भरली आणि त्याच गाडीवरून घरी आले. येताना मी नेहमीपेक्षा सावकाश आले. मुद्दाम नाही, आपोआप. प्रत्येक बंद वळणावर दिसायला लागलं की पलीकडं काय आहे ते मला माहीत नाही. आधीही माहीत नसायचंच, पण ते जाणवत नव्हतं. त्या दिवसापासून रोज कामाला जाताना तसंच होतंय.

आता बोल्टचं काम. आण्णा, गाडी सरळ उभी असताना हा बोल्ट खाली सरळ लोंबतो. म्हणजे झिजलेला सपाट भाग बोल्टच्या आडव्या रेषेशी जेवढा तिरका, तेवढी मी वाकले होते. कोनमापक लावून मोजा. फुटरेस्ट स्प्रिंगवर असते, टेकली की थोडी वर उचलली जाते, तेवढे अंश वर मिळवा. अंश किती आले ते चिठ्ठीत लिहा.

आणि लेथवर असे दोन नवे करून पाठवा, स्टेनलेसचे. आटे याच्यावरूनच घ्या. डोकं दोन मिलिमीटर जास्त ठेवा, ऑगस्टमध्ये पुन्हा जायचंय.

तुमची लेक