मंत्रीसाहेब, मशीन आलं, पण टिप्सचं काय?

मा. उच्च शिक्षण मंत्री,
सप्रेम नमस्कार.

बायोमेडिकलच्या पोरांना मॉलिक्युलर आणि सेल बायोलॉजीची प्रॅक्टिकल शिकवतो, म्हणून थेट लिहितोय. लॅबसाठी निधी येतो तेव्हा तो बहुतेक वेळा मोठ्या मशीनसाठीच येतो, कारण मशीनवर पाटी लावता येते. पिपेटला (थेंबभर द्रव मोजून उचलायच्या साधनाला) लावायच्या प्लास्टिकच्या टिप्स, एन्झाइम, अँटीबॉडी, पेशी वाढवायचं मीडियम यांच्यावर कोण पाटी लावणार? ते वापरले की संपले. आणि शिकायला तर हेच लागतं.

पीसीआरचंच बघा, म्हणजे डीएनएच्या एखाद्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची पद्धत. मशीन काय करतं, तर तापमान वरखाली. ९५ डिग्रीला डीएनएचे दोन धागे सुटतात, मग तापमान उतरलं की प्रायमर (सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) चिकटतात, ७२ ला टॅक पॉलिमरेज हे एन्झाइम नवा धागा बांधतं, हेच तीसेक वेळा. कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये ही कल्पना सुचली, १९९३ मध्ये नोबेल मिळालं, पुस्तकात सगळं आहे आणि पोरांना पाठही असतं. पण १ मायक्रोलिटर एन्झाइम उचलायचं म्हटलं की हात थरथरतो, कारण ते ग्लिसरॉलमध्ये असतं, घट्ट असतं, टिप खोल बुडवली की बाहेरूनही चिकटून जास्त येतं. हे सांगून कळत नाही, त्याला हात बसावा लागतो, आणि हात बसायचा तर एन्झाइम वाया जाणारच. वाया जाऊ नये म्हणून मग एकजण करतो, बाकीचे भोवती उभे राहून बघतात, आणि जर्नल मात्र सगळ्यांचं पूर्ण!

त्याहून वाईट म्हणजे मार्क. परीक्षेत जेलवर (त्यात डीएनएचे तुकडे आकाराप्रमाणे वेगळे होतात) अपेक्षित जागी बँड, म्हणजे डीएनएचा पट्टा, दिसला की मार्क. समजा एखाद्या मुलीच्या जेलवर निगेटिव्ह कंट्रोलमध्येही बँड आला, म्हणजे ज्या ट्यूबमध्ये डीएनए टाकलाच नव्हता तिथे. याचा अर्थ पाण्यात, प्रायमरमध्ये, पिपेटमध्ये, कुठेतरी आधीचं काहीतरी शिरलंय. आता एकेक रिएजंट बदलून ते शोधून काढणं हेच तर खरं शिक्षण, पण आपल्या पद्धतीत तिला मार्क जातात, मग पुढच्या वेळी ती कंट्रोलची लेनच दाखवत नाही. हे आपणच शिकवतोय हो तिला.

सेल कल्चर, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवणं, तर त्याहून बेरकी. ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, सगळं बरोबर, पेशी मजेत वाढतायत, मीडियम स्वच्छ, आणि आत मायकोप्लाझ्मा नावाचा बारीक जिवाणू बसलेला. त्याला सेल वॉल नसते म्हणून पेनिसिलिन चालत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली सहसा दिसतही नाही, टेस्टच करावी लागते. आणि पेशी त्याच आहेत का हाही प्रश्नच असतो. हेन्रिएटा लॅक्स यांच्या ट्यूमरमधून १९५१ मध्ये, त्यांना न विचारता, घेतलेल्या हीला पेशी इतक्या जोमाने वाढतात की त्या दुसऱ्यांच्या कल्चरमध्ये शिरल्या, आणि १९६० च्या दशकात स्टॅनली गार्टलर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या म्हणून वापरात असलेल्या कितीतरी सेल लाइन (लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी) खरं तर हीलाच आहेत. आजही हे घडतं. म्हणून पेशींची ओळख पटवणारं डीएनए प्रोफाइल आणि मायकोप्लाझ्मा टेस्ट विद्यार्थ्यांनी स्वतः करायला हवी, पण ते किट म्हणजे पुन्हा ‘खर्चिक सामान’.

टाइमटेबलवर काय बोलू. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे अँटीबॉडीने ठरावीक प्रोटीन शोधताना, जेल चालवा, ट्रान्सफर करा, ब्लॉकिंग करा, प्रायमरी अँटीबॉडी बहुतेकदा रात्रभर ४ डिग्रीला, दुसऱ्या दिवशी सेकंडरी. आणि आपला तास दोन तासांचा. मग व्हिडिओ दाखवतो आम्ही. पेशींना तर रविवारही कळत नाही, आणि त्या सांभाळायला लॅब टेक्निशियनची जागा भरलेली नसते.

तेव्हा साहेब, पुढच्या निधीत मशीन एक कमी द्या पण दरवर्षी संपणाऱ्या सामानाचे पैसे वेगळे बांधून द्या, टेक्निशियनच्या जागा भरा, प्रॅक्टिकल सलग आठवडाभर लावायची मोकळीक द्या, आणि मार्क कंट्रोल, नोंदी अन् बिघाड शोधण्यावर द्यायला सांगा.

हे जमतंय का ते तपासायला समितीबिमिती नको. कुठल्याही लॅबमध्ये न सांगता या, समोर येईल त्या विद्यार्थ्याला पिपेटने १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा वजनकाट्यावर टाकायला सांगा. दर वेळी साधारण १०० मिलिग्रॅम यायला हवं. आमच्याकडेही या, आधी कळवू नका.

आपला,
प्रॅक्टिकल घेणारा एक शिक्षक