तुमच्याकडे एक मागणं आहे

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून दुसरीकडे वळते, म्हणून सरळ पत्रच लिहितेय. दिवाळीनंतर तुम्ही सातारा सोडून बेंगळुरूला माझ्याकडे राहायला येताय. त्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. मी मेंदूदानाचा फॉर्म भरला आहे, आणि तुम्ही दोघांनीही तो भरावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

घाबरू नका. मला काहीही झालेलं नाही आणि तुमच्याबद्दलही कसली शंका मनात नाही. उलट तुम्ही दोघं धडधाकट आहात म्हणूनच मागतेय.

बाबा, तुम्ही दर वेळी विचारता, "इतकी वर्षं कंपवातावर काम करतेस, औषध कधी निघणार?" नानाकाकांसाठी विचारता, हे मला कळतं. सकाळची गोळी पोटात गेली की थोड्या वेळाने ते शर्टाची बटणं स्वतः लावतात, आणि पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की हात पुन्हा आखडतो. काकू घड्याळ बघूनच त्यांचं ताट वाढते, कारण वरण-उसळीसोबत घेतली तर ती गोळी नीट लागू पडत नाही. ती गोळी कुठून आली ते सांगते. माझं उत्तर त्यातच आहे.

1957 साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. रेसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेच्या मुळीत सापडणारं द्रव्य. ससे निपचित पडले. मग त्यांना डोपा टोचलं, तर थोड्याच वेळात ते उठून हिंडायला लागले. मेंदूत डोपाचं डोपामिन होतं आणि हालचालीला ते लागतं, हे यातून दिसलं. (2000 सालचं नोबेल त्यांना मिळालं ते डोपामिनवरच्या कामासाठीच.) पण हे झालं सशांचं. माणसाच्या कंपवाताशी याचा संबंध आहे का, हे सशाला विचारून कळणार नव्हतं.

ते कळलं व्हिएन्नामध्ये. ओलेह होर्नीकीविच आणि हर्बर्ट एरिंगर यांनी मरण पावलेल्या माणसांच्या मेंदूतले तुकडे घेतले, काही कंपवाताच्या रुग्णांचे, काही तो आजार नसलेल्यांचे. डोपामिन असेल तर गुलाबी रंग येतो अशी एक रासायनिक परीक्षा त्यांनी केली. आजार नसलेल्यांच्या नमुन्यांना छान गुलाबी रंग आला. कंपवातवाल्यांच्या नमुन्यांना जवळजवळ आलाच नाही. यंत्रात घालून मोजण्याआधीच नुसत्या डोळ्यांना फरक दिसत होता! 1960 मध्ये हे छापून आलं. पुढच्याच वर्षी वॉल्टर बिर्कमायर यांनी रुग्णांना लेव्होडोपाची, म्हणजे डोपाच्याच एका रूपाची, इंजेक्शनं दिली आणि अंथरुणाला खिळलेली माणसं काही तासांसाठी का होईना, उठून चालली. 1967 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी डोपा तोंडावाटे, हळूहळू वाढवत देण्याची रीत बसवली. नंतर त्यात कार्बिडोपाची जोड आली, म्हणजे औषध मेंदूत पोहोचायच्या आत वाटेतच वाया जाऊ नये. नानाकाकांची गोळी ती हीच.

आता बघा, बाबा. त्या परीक्षेत कंपवाताचे मेंदू लागलेच, पण शेजारी निरोगी मेंदूचे नमुने नसते तर रंग कमी आला हे कशावरून म्हणणार होते? ज्यांना तो आजार नव्हताच अशा लोकांचंही नानाकाकांच्या गोळीत देणं आहे.

माझ्या टेबलावर आजही तेच चाललेलं असतं. मधल्या मेंदूचा काप घेतला की निरोगी माणसात दोन्ही बाजूंना काजळाच्या रेघेसारखा काळा पट्टा दिसतो. त्याला सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणतात. डोपामिन तयार करणाऱ्या पेशी तिथे असतात. कंपवाताच्या मेंदूत ती रेघ फिकट झालेली असते, कधीकधी शोधावी लागते. मी त्याचे केसाहूनही पातळ काप करते, रंगवते आणि सूक्ष्मदर्शकाखाली उरलेल्या पेशी मोजते. काही पेशींच्या पोटात गोल गोळे दिसतात. फ्रिट्झ लेवी यांनी 1912 मध्ये असे गोळे पहिल्यांदा नोंदवले. ते मुख्यतः अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाचे असतात, हे 1997 मध्ये कळलं. हे प्रथिन गोळा व्हायला नेमकी सुरुवात का करतं, तेच मी शोधतेय.

आणि यातली मला झोपू न देणारी गोष्ट ही, की हात थरथरायला लागेपर्यंत त्या पेशींचं मोठं नुकसान होऊन गेलेलं असतं. लेव्होडोपा कमतरता भरून काढतं, पेशींचं मरणं थांबवत नाही. थांबवायचं तर आजार अगदी सुरुवातीला गाठायला हवा, आणि ती सुरुवात बघायला मिळते ती आयुष्यभर ठणठणीत राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत. त्यातल्या काहींमध्ये कुठलंही लक्षण नसताना ते गोळे सापडतात. उंदरांवर प्रयोग आम्ही करतो, पण उंदराला आपण होऊन कंपवात होत नाही.

आजारी माणसाचे घरचे तळमळीने दान करतात. निरोगी माणसाच्या घरी हे कुणाला सुचतच नाही, आणि आम्ही अडतो ते तिथे. इथे बेंगळुरूत निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत 1995 पासून मेंदूपेढी आहे. मेंदू काही तासांत पेढीत पोहोचावा लागतो. साताऱ्याहून ते जमलं नसतं. इथे जमेल.

आई, तुझा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय: "आणि मुखदर्शन?" चेहऱ्याला काहीही होत नाही. छेद डोक्याच्या मागच्या बाजूने, केसांखालून घेतात आणि नीट शिवतात. देह घरच्यांच्या ताब्यात परत मिळतो. अग्नी, दहावं, बारावं, सगळं तुझ्या मनासारखं होतं. महिला मंडळात तू नेत्रदानाचा फॉर्म भरलास तेव्हा घरात कुणालाही विचारलं नव्हतंस, आणि मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. ते दानही तसंच राहतं, दोन्ही करता येतात.

औषध कधी, याचं उत्तर मी तारखेत देऊ शकत नाही, बाबा. जपानमध्ये क्योटोला प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी रुग्णांच्या मेंदूत बसवल्या, 2025 मध्ये त्याचे निकाल आले. रुग्ण मोजकेच होते, पण पेशी टिकल्या आणि त्यांनी डोपामिन तयार केलं. मला त्यातून खरी आशा वाटते. नानाकाकांना मात्र उगाच शब्द देऊ नका, सध्या वेळेवर गोळी आणि रोजचं चालणं हेच.

कितीही आधी लिहून ठेवलं तरी त्या वेळी घरच्यांनी हो म्हणावं लागतं. म्हणून हे पत्र दादालाही वाचायला द्या. नाही म्हणालात तरी मी रुसणार नाही, पण विचार न करता नाही म्हणू नका. फॉर्म माझ्या कपाटात आहेत, आलात की चहा घेत बसून वाचू. आणि येताना बाबांचा जुना चष्मा राहू देऊ नका, इथल्या डॉक्टरांना नंबर बघायचाय.

तुमची,
मृणाल