‘लिंक नाही’ एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आर्णी तालुक्यातल्या एका गावात मी सेवा केंद्र चालवतो. सातबारा, दाखले, पीकविमा, ई-केवायसी, सारं इंटरनेटवर. ते बंद पडलं की आमच्याकडे एकच वाक्य: ‘लिंक नाही, उद्या या.’ बँकेतही तेच, रेशन दुकानातही तेच. मीही बरीच वर्षं तेच सांगत आलो, याचं आज वाईट वाटतं.

मागच्या पावसाळ्यात विम्याची मुदत संपायला दोन दिवस असताना लिंक गेली. शेजारच्या गावचे एक काकाजी डवरणी सोडून तिसऱ्यांदा आले होते. इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे तक्रारीचा फोन लावला, तर ‘राउटर बंद करून चालू करा’. ते चारदा करून झालं होतं. मग कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे संगणकाला टाइप करून हुकूम द्यायची खिडकी, उघडून पिंग लावलं. समोरचं यंत्र उत्तर देतं का, ते पिंग बघतं. राउटरच्या पत्त्यावरून, १९२.१६८.१.१ वरून, चारही उत्तरं एका मिलिसेकंदाच्या आत आली. बाहेरच्या इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरवर, ८.८.८.८ वर, मात्र चारही वेळा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, म्हणजे उत्तरच नाही. वाटेतले टप्पे एकेक करून दाखवणारं ट्रेसर्ट लावलं, तर पहिला टप्पा राउटरचा आणि पुढे उत्तराच्या जागी नुसत्या चांदण्या (*). म्हणजे दोष केंद्रात नव्हता, बाहेरच्या लाइनीत होता. हे सगळं फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी माणूस आला. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती. काकाजींचा अर्ज शेवटच्या संध्याकाळी भरला गेला.

पिंग १९८३ साली माइक म्यूस या अमेरिकी माणसाने लिहिलं. विहिरीत हाक मारावी आणि आवाज किती वेळात परत येतो ते पाहावं, तसं त्याचं काम. ते प्रत्येक विंडोज संगणकात आधीपासूनच असतं, पैसे लागत नाहीत. ८.८.८.८ उत्तर देतो पण नावाने साइट सापडत नाही, तर गडबड डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेची. शंभर हाकांपैकी वीस हरवल्या, तर लाइन चालू दिसते, पण फोटो अपलोड करताना अर्ज अडकतो. काही सर्व्हर मात्र मुद्दामच पिंगला उत्तर देत नाहीत, तेवढ्यावरून साइट बंद म्हणू नये.

मला मिळालेल्या प्रशिक्षणात अर्ज भरायला शिकवलं, हे कोणी शिकवलं नाही. तक्रार नोंदवताना पिंगचा निकाल जोडता यावा आणि तो पाहूनच पुढचं उत्तर मिळावं, अशी माझी मागणी आहे. लिंक कुठे तुटली आणि केव्हापासून, हे प्रत्येक केंद्राने दारावरच्या फळ्यावर लिहावं. मी लिहायला लागलो आहे. दहा किलोमीटरवरून येणारा माणूस आता आधी फोन करून फळ्यावर काय लिहिलंय ते विचारतो.

तालुक्यातल्या केंद्रचालकांना हे शिकवायला मी तयार आहे, मानधन नको. अर्धा दिवस पुरे. सोयाबीन निघाल्यावर तहसीलमध्ये एक खोली आणि दोन संगणक मिळावेत.

आपला वाचक,
एक सेवा केंद्रचालक, ता. आर्णी, जि. यवतमाळ