हिरडीच्या कलमाबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल फोनवर आई म्हणाली, "टाळूचं कातडं काढून माझ्या हिरडीला लावणार म्हणे," आणि गप्पच झाली. बाबा, तुम्ही मागून म्हणालात, "या वयात कशाला?" रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून लिहायलाच बसले.

आधी एक सांगायचं राहिलंय. दोन वर्षांपूर्वी माझ्या वरच्या सुळ्याच्या हिरडीचं असंच ऑपरेशन झालं. तुम्ही काळजी कराल म्हणून बोलले नाही. चुकलंच माझं. तेव्हा सांगितलं असतं तर आज आईला एवढी धास्ती वाटली नसती.

मी वर्षानुवर्षं ब्रश रगडून दात घासले. हिरडी मागे गेली, मूळ उघडं पडलं, गार पाणी लागलं की कळ थेट मस्तकात जायची. मागे सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही, कितीही मलम चोळा नाहीतर गुळण्या करा. आणि मुळावर एनॅमलचं टणक कवच नसतं, त्यामुळे ते झिजतं, किडतंही लवकर.

माझ्या टाळूचा फक्त आतला थर घेतला होता, सुळा आणि पहिली दाढ यांच्या मधल्या भागातून. वरची कातडी जागच्या जागी ठेवून टाके घातले. तो पातळ तुकडा उघड्या मुळावर बसवला आणि तिथलीच हिरडी ओढून त्यावर पांघरली. ही कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्टची पद्धत 1985 पासून रूढ आहे. माझं मूळ जवळजवळ पूर्ण झाकलं गेलं.

आई, तुझं थोडं वेगळं आहे, ते आधीच समजून घे. तुझ्या खालच्या पुढच्या दातांमधलं हाडही खाली गेलंय. ते शाबूत असलं तरच मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा असते. तुझ्या बाबतीत हिरडी जाड आणि घट्ट करणं, म्हणजे ती आणखी उतरणार नाही, एवढाच हेतू आहे. तेही काही कमी नाही. तुझ्यासाठी टाळूच्या वरच्या कातडीसकट तुकडा घेतील. त्याला फ्री जिंजायव्हल ग्राफ्ट म्हणतात. भूल दिल्यामुळे तेव्हा दुखणार नाही, पण टाळूची जखम उघडी राहते आणि नंतर हिरडीपेक्षा तीच जास्त झोंबते. भरायला दोन-तीन आठवडे लागतात. टाळूवर बसवायची प्लॅस्टिकची पट्टी मिळेल का, हे डॉक्टरांना आवर्जून विचार. बारीक छिद्रातून हिरडी सैल करून मुळावर सरकवण्याची पद्धतही आहे, पण तुझी हिरडी मुळातच पातळ, तिला भर हवी.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. हे जिवंत कलम आहे. पहिले दोन-तीन दिवस त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालून पाझरणाऱ्या द्रवावरच ते तग धरतं, मग हळूहळू बारीक रक्तवाहिन्या जोडल्या जातात. या दिवसांत ते जरा जरी हललं तरी सुटू शकतं. म्हणून ओठ ओढून आरशात बघायचं नाही. मी तिसऱ्या दिवशी बघितलं होतं आणि डॉक्टर खूप रागावले होते. तिथे ब्रशही डॉक्टर सांगेपर्यंत लावायचा नाही, त्यांनी दिलेल्या औषधाने हलकेच चूळ भरायची. कलमाचा रंग आजूबाजूपेक्षा फिका दिसेल, त्याने घाबरू नकोस.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. हृदयाचे आणि दातांचे डॉक्टर आपसात बोलून ठरवू देत. साखरेचा तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्टही सोबत ने.

बाबा, वय आड येत नाही. आड येते ती वाढलेली साखर, सिगारेट आणि सुजलेली हिरडी. आईचे दात अजून घट्ट आहेत, म्हणूनच तर आत्ता करायचं. आणि तुमच्या हिरड्यांतून घासताना रक्त येतं, हे मी मागच्या वेळी पाहिलंय. आईबरोबर जाल तेव्हा तुम्हीही दाखवून घ्या. माझ्यासाठी एवढं करा.

तारीख ठरली की लगेच कळवा. मी रजा टाकते. आदल्या दिवशी पोचेन आणि टाके निघेपर्यंत राहीन.

तुमची,
धाकटी